एक जूनचे जातक

सिंगापूरला ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. ८ फेब्रुवारी २०१६ ला चिनी नवं वर्ष सुरू झालं आणि सुट्टी संपल्यावर टीम लंचला आम्ही सगळे एका मोठ्या ताटाभोवती उभे राहिलो. ताटात कच्चा मासा, किसलेलं गाजर, मुळा, शेंगदाण्याचा कूट आणि वरून कसलासा गोड रस्सा. सगळ्यांनी काड्यांनी ते एकदम वर उडवायचं आणि मोठ्याने शुभेच्छा ओरडायच्या. जितकं उंच उडेल तितकी वर्षभर बरकत! मी शाकाहारी, पण बरकतीला नाही कसं म्हणणार? एका कोपऱ्यातलं गाजर तेवढं उडवलं.

या मंडळींच्या नव्या वर्षाच्या शुभेच्छेचा अर्थच मुळी 'तुम्हाला धनलाभ होवो' असा आहे. आपण निदान 'सुखसमृद्धी' म्हणताना सुखाला आधी बसवतो. हे लोक थेट मुद्द्यावर.

आमच्या टीममध्ये पिनांगची एक टेस्टर होती. मूळची चिनी घराण्यातली, कामात एकदम कडक. माझ्या कोडमधले बग ती ज्या आनंदाने काढायची तो आनंद मी विसरलेलो नाही. तिने विचारलं, "तुझं जन्मसाल कोणतं?" म्हटलं, १९८०. "अरे, मग हे माकडाचं वर्ष तुझंच! आपल्या प्राण्याचं वर्ष जड जातं. काहीतरी लाल घाल. आणि वर्षभर कुणाला पैसे उसने देऊ नकोस."

हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

मग तिने पूर्ण जन्मतारीख विचारली. सांगितली, १ जून १९८०. वेळ माहीत नाही. तिने मोबाईलवर काहीतरी उघडलं आणि पेपर नॅपकिनवर अक्षरं काढायला लागली.

मला तोपर्यंत वाटायचं की चिनी ज्योतिष म्हणजे उंदीर, बैल, वाघ वगैरे बारा प्राणी, संपलं. पण प्राणी म्हणजे नुसता दरवाजा निघाला. खरा प्रकार म्हणजे 'चार खांब'. वर्षाचा एक, महिन्याचा एक, दिवसाचा एक, वेळेचा एक. प्रत्येक खांबात दोन अक्षरं, म्हणून एकूण आठ. सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, शू झिपिंग नावाच्या माणसाच्या नावावर ही रीत रुळली. वर्षं, महिने, दिवस सगळे साठाच्या चक्रात फिरतात. आपल्या पंचांगात साठ संवत्सरं असतात ना, प्रभव, विभव वगैरे, तसंच.

दिवसाच्या खांबाचं वरचं अक्षर म्हणजे तुम्ही स्वतः. ते पाच तत्त्वांपैकी एक असतं: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आणि प्रत्येकाचे दोन प्रकार, यांग आणि यिन. आता गंमत अशी की तुमचं तत्त्व ज्या तत्त्वाला काबूत ठेवतं, ते तुमचं धन. झाड मुळांनी माती धरून ठेवतं, म्हणून लाकडाच्या माणसाचं धन माती. माती बांध घालून पाणी अडवते, म्हणून मातीच्या माणसाचं धन पाणी. अग्नी धातू वितळवतो, म्हणून अग्नीचं धन धातू.

मला हे आवडलं. आपल्याकडे धन म्हणजे जागा. दुसरं धनस्थान, अकरावं लाभस्थान, तिथे कोण बसलाय आणि त्याच्याकडे कोण बघतोय. यांच्याकडे धन म्हणजे तुम्हाला झेपेल, आवरेल ते.

आणि त्यावरून माणसांचे प्रकार पडतात. तुम्ही यिन आणि धन यांग, किंवा उलट, तर ते 'सरळ धन'. पगार, मोजून मिळणारा आणि मोजून जपला जाणारा पैसा. असा माणूस सावध, विश्वासू, जरासा चिक्कू. दोन्ही एकाच प्रकारचे असले तर 'तिरकं धन'. व्यापार, डाव, अचानक येणारा पैसा. असा माणूस दिलदार, धाडसी, हातात येईल ते पुढे लावणारा. तिसरा प्रकार मला फार भारी वाटला. धन उदंड पण माणसाचं स्वतःचं तत्त्व दुबळं. त्याला ते 'श्रीमंत घरातला गरीब माणूस' म्हणतात. पैसा भोवती असतो, उचलायला अंगात जोर नसतो. आणि चौथा, 'लुटारू धन'. तुमच्याच तत्त्वाचा, पण उलट प्रकारचा. तुमच्यासारखाच, म्हणून तुमच्या धनावर त्याचाही हक्क. भागीदार, मित्र आणि भावंडं यात येतात.

माझा निकाल: यिन लाकूड. म्हणजे वेल, गवत. आणि तिन्ही खांबांच्या पोटात सरळ धन दडलेलं. ती म्हणाली, "पगारावर जगणार, जपून खर्च करणार, दिसू देणार नाही." मी गार. माझं एक्सेल शीट हिने बघितलं की काय? मी २००३ पासून प्रत्येक खर्च लिहितो. रिक्षासुद्धा.

"आता माझ्या भावाचं बघ," म्हटलं. "१ जून १९७५."

"दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी? केवढा योगायोग!"

मी नुसता हसलो. (मराठवाड्यातल्या वाचकांनी इथे कपाळावर हात मारला असेल. थांबा जरा.)

दादा निघाला यांग माती. त्याचं धन म्हणजे पाणी. तिने तिन्ही खांब पुन्हा पुन्हा पाहिले, पोटातली अक्षरंही पाहिली. मग मान हलवली. "पाण्याचा एक थेंब नाही रे. याच्या हातात पैसा टिकत नसणार."

आता तर मी पूर्ण गार. कारण आमच्या घरात, नातेवाईकांत, सगळीकडे दादाबद्दल हेच वाक्य होतं. 'त्याच्या हातात पैसा टिकत नाही.' २००५ ला त्याने कर्ज काढून कोंबड्यांचं शेड टाकलं, बुडालं. विहीर खणली, कोरडी गेली. बोअर घेतला, दोन उन्हाळ्यांत आटला. आणि धाकटा? धाकटा नीट. धाकट्याचा हप्ता कधी चुकला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या चिनी विद्येने आमच्या घराचा निकाल जसाच्या तसा वाचून दाखवला होता.

त्या शनिवारी मी इंजिनिअर जे करतो ते केलं. साठाचं चक्र म्हणजे शेवटी मॉड्युलो ६०. दीडशे ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि ओळखीच्या सगळ्यांचे खांब काढून पाहिले. बायको म्हणाली, फ्रीज पुसायचा राहिलाय.

मार्चमध्ये दादाचा फोन आला. आमचं गाव कंधार तालुक्यातलं. २०१४ कोरडं गेलं होतं, २०१५ त्याहून कोरडं. त्या फेब्रुवारीत सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना काढली होती, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार. पण पाणी टिकायचं तर तळाला प्लास्टिकचं अस्तर हवं, आणि सगळा खर्च अनुदानाच्या बराच वर जात होता. त्याला दीड लाख कमी पडत होते.

"जूनच्या आधी खणून झालं पायजे बारक्या. येवढा एक पाऊस धरला ना..."

मी म्हटलं, सध्या जरा अडचण आहे, बघतो. अडचण काही नव्हती. मनात 'लुटारू धन' हा शब्द आला होता. 'पाण्याचा थेंब नाही' हेही. ज्याच्या खांबात पाणी नाही त्याच्या तळ्यात कुठून येणार, असं मला खरंच वाटून गेलं. लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेलं, ते मी सिंगापूरला बसून यूट्यूबवर पाहिलं. तरी पैसे पाठवले नाहीत.

मे महिन्यात सुट्टी घेऊन गावी गेलो. मन्याड कोरडी, अंगणात टँकरची वाट बघत मांडलेले ड्रम. दुपारी माय जवळ बसली होती. माझ्या प्रोग्रामला चौथा खांब हवा होता, म्हणून विचारलं, "माय, मी किती वाजता झालो गं? १ जूनला सकाळी का रात्री?"

माय हसायलाच लागली.

"एक जून गुरुजींचा हाय बाबा. माजा न्हाई. खग्रास गिऱ्हान झालं बग, तवा तू पोटात हुतास. तिसरा म्हैना. सासूनं मला दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसवलं, विळी धरू दिली न्हाई का सुई. आन तू झालास पोळ्याच्या आगंमागं. बैलं धुवून आणली हुती. शिंगं रंगवायची हुती का रंगवून झाली हुती, ते काय आता ध्यानात न्हाई."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे कुणाला माहीत नसतं? शाळेत घालताना गुरुजी विचारणार, पोरगं कधीचं? आई सांगणार, गिऱ्हानाच्या सालचं. गुरुजींना रजिस्टरला तारीख हवी आणि जूनला सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत. झाला १ जून. माझ्या वर्गातली अर्धी पोरं १ जूनची. दादा १ जूनचा, आमचे बापू १ जूनचे. पण तीच तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर, पॅनवर, पासपोर्टवर, व्हिसावर वीस वर्षं लिहिली की ती खरी वाटायला लागते. ऑफिसात केक कापला जातो. फेसबुकवर दोनशे लोक शुभेच्छा देतात. गुरुजींचं टायपो माझं आयुष्य झालं होतं.

ते ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. खग्रास पट्टा कर्नाटक आणि आंध्रातून गेला, आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरली असेल. आणि योगायोग पाहा, चिनी माकडाचं वर्ष नेमकं त्याच अमावास्येला सुरू झालं. म्हणजे माय अंधाऱ्या खोलीत बसली होती तो चिनी पाडवा होता. माकड तेवढं पक्कं. बाकी सगळं गेलं.

लॅपटॉप उघडला. १९८० ची श्रावणी अमावास्या ८-९ सप्टेंबरला येते. मायच्या 'आगंमागं'ला तीन दिवस धरले. ८ तारखेला मी यांग लाकूड, पोटात तिरकं धन, आणि महिन्याच्या खांबावर 'लुटारू धन' उघड उभं. म्हणजे मीच सटोडिया. ९ तारखेला यिन लाकूड, सरळ धन, म्हणजे पुन्हा पगारी. १० तारखेला अग्नी, भोवती सगळा धातू, म्हणजे श्रीमंत घरातला गरीब माणूस. शिंगं रंगवायची होती की रंगवून झाली होती, एवढ्यावर माझा अख्खा स्वभाव.

बायकोला रात्री सांगितलं. ती म्हणाली, "आणि माझे छत्तीसपैकी सत्तावीस गुण कुणाशी जुळले होते मग?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आमच्या धंद्यात म्हणतात, गार्बेज इन, गार्बेज आउट. इथे त्याहून वाईट झालं होतं. इनपुट कचरा आणि आउटपुट पटलेलं. फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'खास तुमचं' म्हणून स्वभाववर्णन दिलं, आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच दिला होता, त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. आपल्याकडे पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या कुंडल्या घेऊन ज्योतिषांची चाचणी घेतली. प्रत्येकाला ४० कुंडल्या, त्यातली हुशार कोणती ते सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती.

हे दोन्ही किस्से मी आधी वाचलेले होते. कॅन्टीनमध्ये इतरांना ऐकवलेलेही होते. स्वतःच्या वेळी आठवले नाहीत, कारण मला जे ऐकायचं होतं तेच ऐकायला मिळालं होतं.

माय म्हणाली, "बापूनं वहीत लिवलं आसल बग तुजं." म्हणून लोखंडी पेटी उघडली. माझा जन्म काही सापडला नाही. सापडल्या त्या लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्या. १९९६ पर्यंत बापूंचं अक्षर. ते गेले त्या महिन्यापासून दादाचं. एकही वर्ष सुटलेलं नाही. खताची पिशवी, डिझेल, मायच्या गोळ्या, रुपया-रुपया लिहिलेला. मला वाटायचं घरात हिशेब लिहिणारा मी एकटा.

१९९८ च्या जुलैत एक ओळ होती: 'बैलजोडी विकली, १३,५००. बारक्याची फी.' त्याच्या पुढच्या पोळ्याच्या खर्चात झूल नाही, बेगड नाही. नुसतं 'नैवेद्य'. फी भरली गेली हे मला माहीत होतं. कशातून, ते मी कधी विचारलं नव्हतं.

२००६ चं पान काढलं. फेब्रुवारी, कोंबड्या. तेव्हा नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि राज्यभर लोकांनी कोंबडी खाणं सोडलं. आमच्या शेडमध्ये एक कोंबडी आजारी पडली नव्हती, पण घ्यायला कुणी आलं नाही. २०१५ च्या पानावर 'तूर, उतारा नाही'. त्याच वर्षी शहरात तूरडाळ २०० रुपये किलो झाली म्हणून आपण सगळे ओरडत होतो.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर असताना मीही एका गाजलेल्या आयपीओत आणि इतर शेअर्समध्ये पाच लाख घातले होते. वर्षभरात दीड उरले. त्याला आमच्या घरात काय म्हणाले? 'बाजार पडला.' दादाच्या वेळी बाजार पडला नाही. दादाच्या हातात पैसा टिकला नाही.

तिरक्या धनाचा माणूस म्हणजे हातातलं सगळं पुढच्या डावाला लावणारा. जिरायत शेतीत दर जूनला दुसरं काय करतात? घरातलं होतं-नव्हतं ते बियाणं-खत होऊन मातीत जातं आणि माणूस आभाळाकडे बघतो. त्याला स्वभाव लागत नाही, जिरायत रान पुरतं. आणि सरळ धनाचा माणूस व्हायला महिन्याच्या एक तारखेला पगार लागतो. तो मला कसा मिळाला ते १९९८ च्या जुलैत लिहिलेलं आहे. 'लुटारू धन' म्हणजे भाऊ, हे ठीक. पण कोणत्या बाजूने?

आणि 'मातीचा माणूस, पाणी हे धन, पाण्याचा थेंब नाही' हे मात्र अगदी खरं निघालं. फक्त ते दादाचं वर्णन नव्हतं, निम्म्या मराठवाड्याचं होतं. ते कळायला चार खांब लागत नाहीत, सातबारा बघावा, 'जिरायत' लिहिलेलं असतं. आमच्या कंधारच्या भुईकोट किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे, आणि गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर. त्या राजांनाही धन कशात आहे ते ठाऊक होतं. त्यांनी तळं बांधलं.

संध्याकाळी दादा टँकरवरून भांडून आला. मी म्हटलं, "शेततळ्याचं करू. पैसे उद्या टाकतो. आणि उसने नाहीत."

तो घामेजलेला चेहरा पुसत म्हणाला, "अडचण हाय म्हणूलालतास की?"

"मिटली."

त्याने जास्त विचारलं नाही. त्याला कळलं असावं, किंवा नसावं. वहीत मात्र त्याने त्याच रात्री लिहिलं, 'बारक्याकडून, १,५०,०००'. मी खोडायला सांगितलं तर म्हणाला, "आलेलं लिवायचं आस्तंय. परत द्यायचं का न्हाई ते नंतर."

त्या वर्षी तळं जूनआधी खणून झालं. सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की दोन वर्षांची कसर निघाली. तळं भरलं. यात माझं कर्तृत्व काही नाही, पावसाचं आहे. २०१८ पुन्हा कोरडं गेलं, तेव्हा तेही आटलं. पण हरभऱ्याला एक पाणी देऊन आटलं.

तो प्रोग्राम अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. पुसला नाही, चांगला लिहिलाय हो! पिनांगच्या मैत्रिणीला सगळं कळवलं तेव्हा तिने एकच उत्तर पाठवलं: "टेस्ट डेटा आधी तपासायचा, किती वेळा सांगितलं?"

दादाला मात्र चिनी ज्योतिषात भलताच रस निर्माण झालाय. दर मे महिन्याच्या शेवटी फोन येतो.

"बारक्या, काय करूलालास? ते जाऊ दे. तुजा चिनी जोशी काय म्हणतोय, पाऊस कवा हाय?"

आणि लगेच, "आन हो, परवा एक जून. हॅपी बड्डे."

"तुलाही," मी म्हणतो.

असो. फ्रीज पुसायचा राहिलाय.